अफवा पुसायची, की तिचा वेग तोडायचा?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मारहाण करून ठार केलं. अशा अफवा मोबाइलवर फिरतात तेव्हा कंपन्यांपुढे दोन वाटा असतात.

पहिली, मजकूरच काढून टाकणं. फेसबुक, यूट्यूबवर ते जमतं, कारण मजकूर कंपनीला दिसतो. पण काय काढायचं हे ठरवणार कोण? २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या तरुणीला अटक झाली; पोस्ट नुसती ‘लाइक’ करणाऱ्या मैत्रिणीलाही! तिथे वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. हातात आलेलं खोडरबर फक्त अफवांवरच चालेल, यावर माझा विश्वास नाही.

दुसरी वाट व्हॉट्सॲपने धरली. तिथले संदेश कंपनीलाही वाचता येत नाहीत. म्हणून २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली, २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला जातो. यात रक्तदात्यासाठीची तातडीची हाकही अडखळते, हे खरं. तरी कुणाच्या तोंडावर हात ठेवला जात नाही, म्हणून मी या वाटेच्या बाजूचा. थेट हिंसेची चिथावणी मात्र काढूनच टाकायला हवी, तीही लगेच.