घरासाठी स्ट्रेटनर: प्लेटवाला की ब्रशवाला?

स्ट्रेटनर घ्यायचं ठरलं की बहुतेकजणी आधी कंपनी शोधायला लागतात. माझं म्हणणं, आधी प्रकार ठरवा. दोन तापलेल्या प्लेटमध्ये बट दाबून ओढायचा नेहमीचा स्ट्रेटनर हवा, की कंगव्यासारखा फिरवायचा तापणारा ब्रश? एकदा हे नक्की झालं की कंपन्यांमधला फरक बराच छोटा उरतो.

माझे केस दाट, लहरी, खांद्याखाली चार बोटं. राहते ठाण्यात, म्हणजे थंडीचे थोडे दिवस सोडले तर हवा दमटच. हे आधी सांगते, कारण माझं सगळं मत याच केसांवर आणि याच हवेत बनलेलं आहे. सोलापूरकडच्या कोरड्या हवेत, किंवा अगदी पातळ केसांवर, पारडं थोडं वेगळं झुकू शकेल. दोन्ही प्रकार मी घरी वापरले आहेत आणि दोन्ही अजून कपाटात आहेत.

प्लेटवाल्याचं कौतुक आधी करते, कारण ते त्याला मिळायलाच हवं. बट नीट विंचरून मुळापासून टोकापर्यंत एका संथ लयीत ओढली की केस जसे सुळसुळीत पडतात, तसे ब्रशने पडत नाहीत. चमकही जास्त येते. दोन्ही बाजूंनी दाब पडल्यामुळे केसांवरचे बारीक खवले सपाट बसतात आणि प्रकाश एकसारखा परततो. पैठणीवर केस मोकळे सोडायचे असतील, फोटो निघणार असतील, तर मी आजही तोच बाहेर काढते. आणि घट्ट कुरळ्या केसांना तर खरा पर्याय तोच. माझ्या मावसबहिणीचे केस तसे आहेत. तिने माझा ब्रश बराच वेळ फिरवून पाहिला. केस मोकळे झाले, फुगले, पण सरळ काही झाले नाहीत. तिने प्लेटवाला घेतला आणि ती खूश आहे. तुमचे केस तिच्यासारखे असतील तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

माझं घोडं अडलं ते आडव्या घडीपाशी.

प्लेट बटेवर मिटताना हात जरा थबकला किंवा मनगट थोडं वळलं की प्लेटच्या कडेपाशी केसांवर आडवी रेघ उमटते, शर्टाला इस्त्री करताना नको तिथे घडी पडते तशी. समोरच्या बटांवर ती लगेच दिसते आणि लगेच सुधारता येते. डोक्यामागे मात्र सगळं अंदाजाने चालतं. हात मागे वळलेला, मनगट तिरकं, आरशात दिसतं ते फक्त आपलं कोपर. मग घडी पडल्याचं कळतं कधी? लिफ्टच्या आरशात ओझरतं दिसलं तर, नाहीतर ऑफिसात कुणीतरी "काल रबर लावून झोपलीस का गं?" म्हणून विचारल्यावर.

ती सहजासहजी निघत नाही याला कारण आहे. केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. त्यांचा आकार धरून ठेवणाऱ्या बंधांपैकी हायड्रोजन बंध उष्णतेने सुटतात आणि केस गार होताना ज्या आकारात असतील त्याच आकारात पुन्हा जुळतात. स्ट्रेटनरचं सगळं काम यावरच चालतं. पण मग कडेपाशी वाकलेला केसही तितक्याच पक्केपणाने वाकलेला राहतो. हाताने चोळून, कंगवा फिरवून तो सरळ होत नाही. एक तर पाणी लावून वाळवा, नाहीतर तीच बट पुन्हा तापवा. सकाळी निघायच्या घाईत पाणी कोण लावणार? म्हणजे पुन्हा प्लेट, त्याच जागी, त्याच केसांवर. माझे मागचे केस पुढच्यांपेक्षा लवकर राठ झाले, त्यांना फाटेही जास्त फुटले, आणि मला तरी त्याचं कारण हे दुबार तापवणंच वाटतं. मोजून काही दाखवू शकणार नाही, पण रोजच्यासाठी ब्रश वापरायला लागल्यापासून मागची टोकं छाटायची वेळ कमी येते.

गोलसर कडांचे आणि स्प्रिंगवर किंचित हलणाऱ्या प्लेटचे स्ट्रेटनर मिळतात. त्यांत घडी कमी पडते हे खरं. कमी पडते, पडायची थांबत नाही. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांना ही अडचण येतही नसेल. पार्लरमधल्या मुलीला येत नाहीच, पण ती तुमच्या मागे उभी राहून सगळं बघत असते.

ब्रशमध्ये काही मिटतच नाही, त्यामुळे घडी पडायचं भय नाही. दाते तापतात, पण चांगल्या ब्रशमध्ये दात्यांच्या टोकांवर उष्णता न पोचणारं आवरण असतं, म्हणून तो मुळांजवळ नेता येतो. प्लेटने कानाच्या पाळीला आणि मानेला जे चटके बसतात, ते जवळपास संपतात. चिमटे लावून केसांचे थर पाडत बसावं लागत नाही. मागचे केस दोन भाग करून खांद्यावरून पुढे घ्यायचे आणि नेहमी विंचरतो तसे, फक्त जरा सावकाश, विंचरायचे. केस चपटे न होता भरलेले राहतात. ऑफिसला, बँकेत, भिशीला जायला एवढं मला पुष्कळ झालं.

दोष त्याचेही आहेत. कपाळाजवळचे आखूड केस त्याच्या दात्यांत येत नाहीत, आणि बॉबकट असेल तर तो फारसा कामाचा नाही. एका फेरीत भागत नाही. गुंता आधी साध्या कंगव्याने सोडवावाच लागतो, कारण तापलेल्या दात्यांत गुंता अडकला की केस तिथेच भाजतात. सीरमचा चिकटा दात्यांच्या मुळाशी साचतो, तो ब्रश गार झाल्यावर जुन्या टूथब्रशने खरवडून काढावा लागतो. प्लेट मात्र एका पुसण्यात साफ होते. गावाला जाताना बॅगेत जागाही तो जास्तच खातो.

पावसाळ्यात दोघेही हरतात. उष्णतेने जुळवलेले बंध ओलाव्याने पुन्हा सुटतात, त्यामुळे दमट हवेत केस मूळच्या वळणावर जाणारच. पण जाण्याच्या रीतीत मला फरक जाणवतो. प्लेटने अगदी सरळ केलेल्या केसांत चार बटा फुगल्या की लगेच डोळ्यांत भरतं. ब्रशचे केस आधीच थोडे भरलेले असतात, त्यामुळे स्टेशनवरून ऑफिसात पोचेपर्यंत ते लहरींकडे झुकले तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

तापमानाबद्दल मात्र मी आग्रही आहे. कुठलाही घ्या, पण तापमान बदलता येणारा घ्या. स्वस्तातले बरेच स्ट्रेटनर एकाच, दोनशे अंशांच्या पुढच्या तापमानावर चालतात. पातळ किंवा रंगवलेल्या केसांना १५० ते १७० अंश सेल्सिअस सहसा पुरतात, मध्यम केसांना १८०च्या आसपास. दोनशेची गरज लागलीच तर दाट, राठ केसांना. जीएचडी ही ब्रिटिश कंपनी आपले बहुतेक स्ट्रेटनर १८५ अंशांवरच ठेवते, यावरून अंदाज यावा. आणि बटण कुठे आहे तेही पाहा. काहींमध्ये ते नेमकं अंगठ्याखाली येतं आणि पकड घट्ट केली की तापमान बदलतं, नाहीतर यंत्र बंदच होतं.

ओल्या केसांवर दोन्ही नकोत. केसातलं पाणी एकदम वाफ होऊन आत बुडबुडे तयार होतात आणि केस तिथून तुटतो. डायसन कंपनीचा एअरस्ट्रेट हा स्ट्रेटनर ओल्या केसांसाठीच आहे, पण तो गरम हवेच्या झोतावर चालतो आणि त्याची किंमत बघता मी त्याला या तुलनेत धरत नाही.

तेलाचंही तसंच. आमच्याकडे आई म्हणते, तेलाचा हात फिरव म्हणजे केस जळणार नाहीत. तेलाबद्दल तिचा विश्वास निराधार नाही. मॅरिको या खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्या मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलाने केसांतलं प्रथिन कमी झडतं असं दिसलं होतं. पण ती गोष्ट धुण्याविंचरण्यात होणाऱ्या झिजेची, तापलेल्या धातूची नव्हे. तेल आदल्या रात्री लावावं, सकाळी धुवावं, केस पूर्ण वाळवावेत, आणि मग उष्णतेपासून जपणारा स्प्रे मारून ब्रश फिरवावा.

तरीही मन प्लेटवाल्याकडेच ओढत असेल, तर दुकानात तो बंद असतानाच प्लेटच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. कड टोचली तर तो ठेवून द्या आणि गोल कडेचा मागा. हातात धरून एकदा डोक्यामागेही नेऊन बघा. दुकानदार थांबेल.