वाटीभर उसळ, अर्धी भाकरी: इंदिरानगरच्या काकूंचा डबा

वजन कमी करण्यासाठी जठर लहान करतात, ते स्लीव्हचं ऑपरेशन होऊन मला अडीच वर्षं झाली. जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, भुकेचं हार्मोन जिथे बनतं तो भागही त्यातच जातो. त्यामुळे पहिलं वर्ष घड्याळ बघून जेवायचे. ११८ किलोवरून ७४ वर आले. दुसरं वर्ष सरता सरता भूक परतली.

जेवणानं वजन वाढलं नाही, चार घास जास्त झाले तरी छाती दाटून येते. वाढलं ते चहाबरोबरच्या खारीनं आणि ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या शेवेनं. असलं खाणं पोटात थांबतच नाही, त्यामुळे दिवसभर तोंड चालू राहतं. काटा ७९ वर गेला त्या दिवशी मी घरी येऊन रडले. मग शेजारणीनं नाशिकच्या इंदिरानगरमधल्या या काकूंचा नंबर दिला.

पहिल्या दिवशी मी किती आणि काय खाते, ते फोनवर अर्धा तास समजावत होते. काकूंनी एकच विचारलं, "ताई, एवढ्यात तुमचं पोट भरतं का हो?" भरतं म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून माझ्यासाठी वेगळा छोटा डबा सुरू झाला. खालच्या कप्प्यात मटकीची किंवा मुगाची उसळ, मधल्यात पनीरची नाहीतर दोन अंड्यांची भुर्जी, वर शिजलेली भाजी आणि ज्वारीची अर्धी भाकरी. मी खालून सुरुवात करते: आधी प्रथिनं, मग भाजी, जागा उरली तर भाकरी. बऱ्याचदा भाकरी उरते. गव्हाची पोळी मला गोळा होऊन अडकते, भाकरी उसळीच्या रश्शात कुस्करली की नीट उतरते. आमच्या आहारतज्ज्ञ ताईंनी मला दिवसाला ६० ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. घरच्या काट्यावर तोलून हिशेब केला तर पनीरच्या दिवशी या डब्यातून १८ ते २० ग्रॅम मिळतात. सकाळचं अंडं आणि रात्रीचा चक्का धरला तरी साठाची मजल पूर्ण गाठता येत नाही.

सुरुवातीला डब्यासोबत ताकाची बाटली यायची. जेवताना आणि नंतर अर्धा तास मी काहीच पीत नाही, हे सांगितल्यावर काकू बाटली वेगळ्या पिशवीत देऊ लागल्या. चार वाजता, शेवेची आठवण यायच्या वेळेला, तेच ताक पिते.

तक्रारी आहेत. बुधवारच्या उसळीला तर्री जास्त असते, ती मी वरून काढून टाकते. एकदा सुकं चिकन आलं होतं, इतकं कोरडं की दुसऱ्या घासालाच उलटी झाली. आता चिकन आलं तर रश्शाचंच, असं ठरलंय. शनिवार-रविवार डबा बंद, आणि माझी घसरण नेमकी त्याच दोन दिवसांत होते.

एका डब्याचे ११० रुपये. एवढ्याशा अन्नाला महाग वाटेल, पण वेगळं रांधणं, वेगळं भरणं यात काकूंचा वेळ जातो. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या डब्यानं सुटत नाहीत, त्या चालूच आहेत.

तीन महिन्यांत ७६ वर आले. हवा असेल तर आदल्या रात्री आठच्या आत फोन करा, आणि तुमची वाटी केवढी ते आधी सांगा. मी माझीच वाटी नेऊन दिली होती.