जॉइस्टमधून नेलेले प्लास्टिकचे हीटिंग पाइप : एका अख्ख्या हिवाळ्यानंतरचा अनुभव

इंग्लंडमधल्या लीड्स शहरातलं आमचं घर १९३० च्या दशकातलं. वरच्या मजल्याची जमीन लाकडी आहे. सात इंच उंच, दोन इंच जाड जॉइस्ट, म्हणजे जमीन पेलणारी आडवी लाकडं, आणि त्यांवर ठोकलेल्या फळ्या. पुण्याकडचा जुना वाडा पाहिला असेल तर कडीपाट डोळ्यांसमोर आणा. इथे फक्त खालून प्लास्टरचं छत असल्यामुळे कड्या दिसत नाहीत, आणि त्या पोकळीतूनच वायरी, पाण्याचे नळ, हीटिंगचे पाइप सगळं गेलेलं असतं.

इथे बॉयलरमध्ये तापलेलं पाणी पाइपांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि खोली उबदार होते. गेल्या सप्टेंबरात वरच्या तीन खोल्यांचे रेडिएटर नव्या पाइपांवर घेतले. पाइप पॉलिब्युटिलीन नावाच्या प्लास्टिकचा, १५ मिमीचा, ५० मीटरचं वेटोळं. बॉयलरचं आणि गॅसचं काम गॅस सेफ (गॅसच्या कामासाठीची इथली अधिकृत) नोंदणी असलेल्या माणसाने केलं, त्याला आम्ही हात लावला नाही. बाकीचं मी आणि नवऱ्याने चार शनिवार-रविवार घालवून केलं. आता एप्रिल उलटलाय, म्हणून लिहायला बसले.

फळ्या उचलल्या तेव्हा आधी पोटात गोळा आला. बेडरूमच्या मधोमध चालताना जमीन का हलते, हे कोडं इतकी वर्षं सुटत नव्हतं. कोणे एके काळी तांब्याचे पाइप बसवताना कुणीतरी पाच जॉइस्टना वरून दोन-दोन इंच खोल खाचा मारल्या होत्या, त्याही बरोबर जॉइस्टच्या लांबीच्या मध्यावर. सात इंचांतले दोन गेले तर उरलं काय? मला त्या माणसाचा अजून राग येतो. एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून दाखवलं. त्याने सांगितल्याप्रमाणे त्या पाचही जॉइस्टना शेजारून नवीन लाकूड बोल्टने जोडून घेतलं, मगच पुढचं काम.

प्लास्टिकच्या पाइपाची खरी किंमत मला तिथे कळली. जॉइस्टवर वजन आलं की त्याची वरची कड दाबली जाते, खालची ताणली जाते आणि मधल्या रेषेवर जवळजवळ काहीच ताण नसतो. म्हणजे पाइप न्यायचा तर त्या मधल्या रेषेतून न्यावा. पण तांब्याची तीन मीटरची सरळ कांडी दोन जॉइस्टच्या फटीत उतरवून आडवी ओवणार कशी? म्हणून लोक वरून खाच मारतात. प्लास्टिकचा पाइप वाकतो, त्यामुळे सुईत दोरा ओवावा तसा तो भोकांतून ओढता येतो. लाकडाची वरची कड शाबूत राहते. शिवाय पाइप फळीपासून तीन-साडेतीन इंच खाली जातो, त्यामुळे उद्या कुणी फळीत खिळा ठोकला तरी तो पाइपात जात नाही.

भोकं मात्र हवी तिथे पाडून चालत नाहीत. भरीव लाकडाच्या जॉइस्टसाठी इथला रूढ नियम असा की दोन आधारांमधल्या अंतराच्या पाव भागापासून ०.४ भागापर्यंतच्या पट्ट्यातच भोक पाडायचं, ते मधल्या रेषेवर, आणि जॉइस्टच्या उंचीच्या पाव भागापेक्षा मोठं नको. आमच्याकडे हे अंतर ३.६ मीटर, म्हणजे दोन्ही भिंतींकडून ९० ते १४४ सेंटिमीटरचा पट्टा. भोक जास्तीत जास्त ४४ मिमी चाललं असतं, आम्ही २५ मिमीचं पाडलं. जाणारा आणि परतीचा पाइप, या दोन भोकांच्या मध्यांत भोकाच्या तिप्पट तरी अंतर लागतं. आम्ही १०० मिमी ठेवलं. नव्या घरांत इंग्रजी ‘आय’ अक्षराच्या आकाराचे जॉइस्ट असतात, त्यांना हा हिशोब लावू नका. तिथे बनवणाऱ्याचा तक्ता असतो, तोच पाळायचा.

दोन जॉइस्टमध्ये जागा जेमतेम ३५ सेंटिमीटर. साधा ड्रिल त्यात सरळ बसतच नाही, तिरकं भोक पडतं आणि पुढच्या जॉइस्टशी ओळ जुळत नाही. काटकोनी तोंडाचा ड्रिल दोन दिवसांसाठी भाड्याने आणला. या कामातला सर्वांत शहाणपणाचा खर्च तोच. वीज बंद करून, दोन जॉइस्टमधल्या प्रत्येक गाळ्यात टॉर्च मारून वायर कुठे आहे ते बघूनच ड्रिल चालवला.

पाइपाचं वेटोळं आदल्या रात्री उबदार खोलीत ठेवलं होतं, थंडीत ते फार ताठ होतं. टोकाला टेप गुंडाळला. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने पुढच्या गाळ्यातून ओढायचं. जमिनीखाली एकही जोड ठेवायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. रेडिएटरपाशी फळीच्या वर येईपर्यंत अखंड पाइप.

तरीही एक गळती झालीच. सिस्टीम पाण्याने भरली तेव्हा दाबाचा काटा दीड बारवर होता, दोन दिवसांनी एकवर आला. मागच्या खोलीतल्या रेडिएटरच्या जोडाखाली बोट फिरवलं तर ओलसर लागलं. जोड काढून पाइपाचं टोक खिडकीच्या उजेडात धरलं, तर त्यावर केसाएवढा बारीक, लांबट ओरखडा. ओढताना टेप सुटला होता आणि भोकाच्या कडेची ढलपी घासली होती. जोडातली रबराची रिंग नेमकी त्या ओरखड्यावर बसत होती. दीड इंच कापून नवीन टोक केलं, इन्सर्ट, म्हणजे पाइपाच्या टोकात घालायची आधाराची छोटी नळी, पूर्ण बसवला, किती आत गेलं पाहिजे त्याची पेन्सिलीने खूण केली आणि दाबलं. त्यानंतर थेंब नाही. प्रत्येक टोकाशी वीतभर ढील सोडली होती म्हणून हे निभावलं.

आता वापराबद्दल. सासूबाई दोन वर्षांपूर्वी नाशिकहून आल्या होत्या तेव्हा पहाटे विचारायच्या, “अगं, एवढ्या सकाळी कोण ठोकाठोकी करतंय?” तांब्याचे पाइप तापले की खाचांमध्ये घासून टकटक करायचे. या डिसेंबरात त्या त्याच खोलीत झोपल्या आणि आवाजाचा विषयच निघाला नाही. पॉलिब्युटिलीन तापल्यावर तांब्याच्या सात-आठपट वाढतं, पण भोक पाइपापेक्षा १० मिमी मोठं आणि पाइप थोडा सैल, त्यामुळे त्याला सरकायला वाव मिळतो. फक्त एका ठिकाणी, जिथे तो फळीतून वर येतो, तिथे करकर व्हायची. भोक कानसून मोठं केलं, फेल्टची पट्टी गुंडाळली, थांबली.

ऊब चांगली आहे, पण शेवटचा रेडिएटर सुरुवातीला आळशी होता. १५ मिमी हे बाहेरचं माप. प्लास्टिकची भिंत जाड असल्यामुळे आतली वाट तांब्यापेक्षा अरुंद, आणि इन्सर्टमुळे टोकाशी आणखी अरुंद. जवळच्या रेडिएटरांचे लॉकशील्ड व्हॉल्व्ह (रेडिएटरमधून किती पाणी जाईल ते ठरवणारे) थोडे थोडे आवळत नेल्यावर आठवड्याभरात सगळ्या खोल्या सारख्या तापायला लागल्या.

न आवडलेलंही आहे. उघड्यावर हा पाइप चांगला दिसत नाही, तापला की लोंबतो. म्हणून फळीच्या वरचे तुकडे तांब्याचेच घेतले. बॉयलरपासूनचा पहिला मीटरही तांब्याचाच आहे, तसाच ठेवायचा असतो. उंदीर असलेल्या घरात मी हा पाइप घालणार नाही, कुरतडतात. आणि भिंतीतला-जमिनीतला धातू शोधणाऱ्या यंत्राला प्लास्टिक सापडत नाही. फळ्या बंद करण्याआधी मोजपट्टी ठेवून प्रत्येक गाळ्याचा फोटो काढला, एक संच छापून बॉयलरच्या कपाटात चिकटवला.

विकत घेताना पाइपावर ‘बॅरियर’ लिहिलंय ना ते बघा. साध्या प्लास्टिकमधून हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो आणि रेडिएटर आतून गंजतात. बीएस ७२९१ हा ब्रिटिश मानकाचा शिक्काही बघा. आणि इन्सर्ट, जोड, पाइप एकाच बनावटीचे घ्या.

या उन्हाळ्यात पुढची बेडरूम उघडणार आहोत. पुढेमागे बॉयलरऐवजी हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता खेचून घरात आणणारं यंत्र, बसवायचा विचार आहे, त्याला कमी तापमानाचं पण जास्त पाणी फिरवावं लागतं, म्हणून तिथली मुख्य लाइन २२ मिमीची घेणार. भोक ३२ मिमीचं पडेल, ४४ च्या आतच आहे. पेन्सिलीच्या खुणा आत्ताच करून ठेवल्यात.