बुगडीसाठी वरचा कान टोचायचाय: सोनार, गन, सुई की डॉक्टर?

जुलैत मामेबहिणीचा फोन आला. आजीची मोत्यांची बुगडी तिच्या वाट्याला आली आहे, डिसेंबरात लग्न आहे आणि प्रेसची, म्हणजे कान न टोचता दाबून बसवायची, बुगडी तिला नको आहे. "ताई, लक्ष्मी रोडला सोनाराकडे जाऊ की एफसी रोडच्या टॅटू स्टुडिओत?" तिला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. हा प्रश्न पडलेल्या मुली पुण्यात खूप आहेत, आणि गणपतीच्या तोंडावर भिकबाळीसाठी कान टोचून घेणारी ढोलपथकातली मुलंही.

कुठे टोचायचं याच्या आधी तारीख बघा. कानाच्या पाळीची जखम साधारण ६ ते ८ आठवड्यांत भरते. वरच्या कानाला ६ महिने ते वर्ष लागतं, कधी त्याहूनही जास्त. तिथे कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड असतं. कूर्चेत स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळतं. त्यामुळे जखम सावकाश भरते आणि जंतू शिरले तर औषधही तिथवर कष्टानेच पोचतं. समारंभ सहा महिन्यांच्या आत असेल तर तुळशीबागेतून प्रेसची बुगडी घ्या आणि कान नंतर टोचा. ओल्या जखमेत दागिना, त्यावरून मुंडावळ्यांची दोरी, वर हेअरस्प्रे आणि हळद, हे लग्नाच्या दिवशी नको.

आता सोनार. सोनारानेच कान टोचावेत असं आपण म्हणतो, ते त्याच्या हातासाठी. पेठांमधल्या जुन्या दुकानांत असे हात अजून आहेत. बाळाची पाळी टोकदार सोन्याच्या तारेने टोचून तीच तार वळवून बाळी करतात, आणि बाळ रडायच्या आत काम झालेलं असतं. खर्चही सर्वांत कमी. माझ्या मुलीच्या पाळ्या आम्ही सोनाराकडेच टोचल्या आणि पुन्हा टोचायची वेळ आली तर तिथेच जाईन. वरच्या कानासाठी मात्र मी जाणार नाही. तार स्पिरिटने पुसली म्हणजे निर्जंतुक झाली असं होत नाही. त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखालची वाफ, १२१ अंशांना किमान १५ मिनिटं. शिवाय २२ कॅरेटचं सोनं मऊ असतं, त्यावर बारीक ओरखडे उठतात आणि ताज्या जखमेला ते घासत राहतात. पाळी हे सोसते. कूर्चा सोसेलच असं नाही.

गनबद्दल मी स्वतःच्या कानावरून बोलते. कॉलेजात असताना एका दुकानात पाच मिनिटांत वरचा कान टोचून घेतला. चौथ्या दिवशी कान इतका सुजला की मागची फिरकी कातडीत रुतली, आणि ती डॉक्टरांकडून काढून घ्यावी लागली. त्यानंतर मी खूप वाचलं. गन बोथट खड्याची काडी स्प्रिंगच्या जोराने आत ढकलते म्हणून कूर्चा चिरडते, असं सगळे सांगतात. पण २००८ साली नेदरलँड्समध्ये मृतदेहांच्या कानांवर एक अभ्यास झाला. त्यात गन आणि सुई यांनी कूर्चेला झालेली इजा जवळपास सारखीच आढळली. म्हणून खरी अडचण मला दुसरीकडे दिसते. गनचा सांगाडा बहुधा प्लास्टिकचा, तो ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाही. काडीची लांबी ठरलेली असते, त्यामुळे कान सुजला की जागा उरत नाही. आणि फिरकीच्या घडीत घाण साठते. २००० साली अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात एका किऑस्कवर वरचा कान टोचून घेतलेल्या ७ जणांना स्यूडोमोनास या जंतूचा संसर्ग झाल्याचं सिद्ध झालं. जंतू निघाला तो जंतुनाशकाच्याच बाटलीत. पाळीसाठी गन वापरायची तर वापरा, पण वरच्या कानासाठी, आणि ट्रॅगस (कानाच्या भोकापुढचा उंचवटा) किंवा काँच (कानाची आतली वाटी) यांसाठी तर मुळीच, नको.

उरते ती सुई, आणि माझं मत तिच्याच बाजूने आहे. एफसी रोड, कोरेगाव पार्क, बाणेर या भागांत टॅटूच्या स्टुडिओंमध्ये पिअर्सिंग करतात. सुई पोकळ, एकदाच वापरायची. वरच्या कानाला साधारण १६ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर. दागिना इम्प्लांट दर्जाच्या, म्हणजे शरीरात बसवायला चालणाऱ्या, टायटॅनियमचा मागा. त्यात निकेलची भीती नाही, आणि निकेलचं वावडं असणाऱ्या बायका आपल्या ओळखीतही असतात. पहिली काडी मुद्दाम लांब घालतात, सुजेला जागा म्हणून. सूज उतरली की काही आठवड्यांनी परत जाऊन ती आखूड करून घ्यायची. हे बरेच जण टाळतात, मग लांब काडी केसांत अडकून भोक तिरपं होतं. सोनारापेक्षा खर्च बराच जास्त येतो, दागिन्यासकट हजाराच्या वर धरा.

पण पाटी चकचकीत आहे म्हणून स्टुडिओ चांगला, असं नाही. सुईचं पाकीट तुमच्या समोर फोडतात का, हातमोजे नवे घालतात का, ऑटोक्लेव्ह दाखवतात का, हे विचारा. विचारल्यावर कपाळाला आठी पडली तर तिथून निघा. बुगडीसाठी जात असाल तर खरी बुगडी डबीतून बरोबर न्या. तिची दांडी किती जाड, मळसूत्र कुठल्या बाजूला, मोत्यांचा घेर कानाच्या कडेवर कसा बसणार, हे बघून खूण करायला सांगा. साध्या खड्यासाठी बरोबर असलेली जागा बुगडीला चुकीची ठरू शकते.

डॉक्टरांकडे, म्हणजे कान-नाक-घसा किंवा त्वचेच्या तज्ज्ञांकडे, कुणी जावं? ज्यांना केलॉइड होतो, म्हणजे जुना व्रण जखमेबाहेरही वाढत जातो, त्यांनी आधी तिथेच जाऊन विचारावं. कदाचित टोचूच नका असंच उत्तर मिळेल. मधुमेह असणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही तसंच. बाकीच्यांना तिथे स्वच्छता उत्तम मिळते, पण काही दवाखान्यांत पाळीसाठीची गनच वापरतात. तेही विचारून घ्या.

पुढच्या सहा महिन्यांत पुण्यात सर्वांत मोठा त्रास हेल्मेटचा. चढवताना-उतरवताना ते नेमकं त्याच जागी घासतं. हेल्मेट सोडू नका. जमलं तर पहिले काही आठवडे बसने किंवा रिक्षाने जा. स्कार्फ गुंडाळायची सवय असेल तर त्याचा धागा काडीत अडकतो, म्हणून सुती आणि सैल घ्या, आणि रोज धुतलेला. त्या कुशीवर झोपू नका. टिळक तलावावर पोहायला जात असाल तर जखम भरेपर्यंत थांबा. आणि आईने, काकूने कितीही प्रेमाने सांगितलं तरी हळद-तेल लावू नका, काडी फिरवू नका. मेडिकलमधून ०.९ टक्क्यांचं सलाईन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, आणा, दिवसातून दोनदा तेवढंच. रक्तदान करत असाल तर रक्तपेढीला टोचल्याचं आधी सांगा.

एक लक्षण मात्र लक्षात ठेवा. वरचा कान लाल, गरम, सुजलेला, ठणकणारा, आणि खालची पाळी मात्र जशीच्या तशी, असं झालं तर कूर्चेच्या आवरणाला संसर्ग झालेला असू शकतो. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. काडी काढायची की ठेवायची हे त्यांनाच ठरवू द्या. उशीर झाला तर कूर्चा झिजते आणि कानाचा आकार कायमचा बिघडतो.

मामेबहीण लग्नात प्रेसचीच बुगडी घालणार आहे. जानेवारीत, पावसाळी दमटपणा आणि लग्नाची धावपळ दोन्ही संपल्यावर, आम्ही दोघी स्टुडिओत जाऊ. आजीची डबी मी आत्ताच मागून ठेवली आहे.