एका दिवसाची शिवारसहल: भिलार की जुन्नर?

पुण्याहून तीस-चाळीस जणांचा गट, हाताशी एकच रविवार, जानेवारी-फेब्रुवारीचे दिवस. डोंगरही हवा आणि शेतही बघायचंय. अशा वेळी चर्चा फिरून फिरून दोन नावांवर येते: पाचगणीजवळचं भिलार, नाहीतर जुन्नर. अंतर दोन्हीकडे साधारण शंभर किलोमीटर, त्यामुळे नकाशा बघून काही ठरत नाही.

भिलारचा मोठा गुण म्हणजे सोय. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि या पट्ट्यात पाहुण्यांची सवय सगळ्यांना आहे. रस्त्याला लागूनच वाफे, पैसे भरा, टोपली घ्या, तोडा. गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर, खाली ठिबकची नळी, पान बाजूला केलं की लालभडक फळ. चार वर्षांच्या पोरालाही जमतं. शिवाय 2017 पासून हे 'पुस्तकांचं गाव' आहे. लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली असतात, बसून वाचता येतात. ज्येष्ठ मंडळी तिथे आनंदाने दोन तास काढतात.

पण मला तिथलं शेत थोडं दुकानासारखं वाटतं. फळ तोडलं, फोटो झाला, चला. त्यात पसरणी घाटाची वळणं: गाडी लागणारे असतील तर लिंबू-आल्याच्या गोळ्या न्याच. आणि रविवारी पाचगणीची गर्दी.

जुन्नरला उलट. तिथे शेत तुमच्यासाठी सजवलेलं नसतं. द्राक्षाच्या मांडवाखाली वाकून शिरायचं, शेतकरी देठाला धरून कात्रीने घड कापतो, मण्यांना बोट लावू देत नाही, कारण वरची पांढरी लव गेली की भाव गेला. ऑक्टोबरात छाटणी कशी केली, अवकाळीने काय केलं, हे तो कामातून मान वर न करता सांगतो. फवारणी कधी झाली ते विचारल्याशिवाय मणी तोंडात टाकू नका. मात्र हे सगळं आधी फोन करून ठरवावं लागतं. गटात तसा एक खटपट्या माणूस नसेल तर जुन्नरच्या वाटेला जाऊ नये.

जुन्नरची दुसरी अडचण म्हणजे मोह. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट सगळं जवळ दिसतं आणि आयोजक सगळंच यादीत घालतो. बाग आणि आणखी एकच ठिकाण धरा. गुडघे दुखणारे असतील तर लेण्याद्रीच्या तीनेकशे पायऱ्या नकोत, त्यांना ओझर बरं. तरुण गट असेल तर नाणेघाट: सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण, आणि पुढे थेट कोकणात कोसळणारा कडा. पण जुन्नरपासून तासभर जायला, तासभर यायला धरा.

जेवणात जुन्नर सरळ वरचढ. मासवडी नावावर जाऊ नका, अस्सल शाकाहारी: बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसणाचं सारण, वर झणझणीत रस्सा. चाळीस जणांसाठी असेल तर आदल्या दिवशीच सांगा.

लहान मुलं जास्त असतील तर भिलार. बाकी कुणासाठीही मी जुन्नरच सुचवेन, फक्त पन्नास सीटर बसऐवजी सतरा सीटरच्या दोन-तीन गाड्या करा, बांधावरच्या रस्त्याला मोठी बस वळत नाही. आणि परतताना चाकणची कोंडी धरून चारलाच निघा.