बायस कमी करायचाय: एकट्याने वही की चर्चेचा ग्रुप?

एका मैत्रिणीने विचारलं, स्वतःच्या विचारातल्या चुका पकडायच्या तर अंदाजांची वही ठेवू की चार जणांच्या ग्रुपमध्ये वाद घालू? मी दोन्ही केलंय, म्हणून लिहितेय.

वहीत मी तारीख टाकून लिहिते, "हे काम महिन्यात होईल, खात्री ८०%", आणि महिन्याने बघते. माझ्या ८०% वाल्या गोष्टी जेमतेम निम्म्या खऱ्या निघाल्या, हे वही नसती तर मी कधीच मान्य केलं नसतं. १९७५ मध्ये फिशहॉफ आणि बेथ या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की अमेरिकेचे अध्यक्ष असताना निक्सनने केलेल्या चीन आणि मॉस्को दौऱ्यांबद्दल आधी दिलेले स्वतःचेच अंदाज लोकांना नंतर बदलून आठवत होते, जे घडलं ते आपल्याला आधीच वाटत होतं असं, आणि यावर लिहून ठेवण्याइतका चांगला उपाय मला तरी दिसत नाही.

पण वही उलट प्रश्न विचारत नाही ना. आपल्या बाजूचेच पुरावे शोधायची सवय स्वतःला दिसतच नाही, ती समोरचा "आणि हे चुकीचं असेल तर काय दिसेल?" म्हणतो तेव्हा कळते. ग्रुपमध्ये धोका एकच, सगळे एकाच मताचे असले की मत आणखी टोकाला जातं.

मेहनत म्हणाल तर वहीला रोजची पाच मिनिटं, ग्रुपला संध्याकाळ जाते.

अतिआत्मविश्वास ही अडचण असेल तर वही घे. एकच मोठा निर्णय डोक्यात अडकलाय तर ग्रुप, पण आपलं मत आधी लिहून मगच बोलायला जा.