विंडोजमध्ये लिनक्सची कमांड लाइन: आठ महिने रोज वापरल्यावर

आठ महिने झाले, लॅपटॉप चालू केला की पहिलं उबुंटू या लिनक्सचं टर्मिनल उघडते आणि तेही विंडोज न काढता, म्हणून म्हटलं आता नीट लिहावं. डब्ल्यूएसएल २, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय, तिच्याबद्दल बोलतेय. आधी ड्युअल बूट (एकाच मशीनवर दोन्ही सिस्टिम, चालू करताना एक निवडायची) करून बघितलेलं, पण एका एक्सेल शीटसाठी मशीन रिस्टार्ट करायचं म्हणजे डोक्यातलं काम तिथेच तुटतं, त्यामुळे ते काही टिकलं नाही.

इन्स्टॉल करणं सोपं आहे. पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कमांड लाइन, अ‍ॅडमिन म्हणून उघडा, डब्ल्यूएसएल, मग दोन डॅश लावून इन्स्टॉल, रिस्टार्ट, युजरनेम-पासवर्ड, बस. पासवर्ड टाकताना स्क्रीनवर एक अक्षरही दिसत नाही, ते तसंच असतं, घाबरू नका.

खरा विषय वेगळाच आहे, फाइल्स कुठे ठेवायच्या! पहिले दोन महिने माझे सगळे प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर होते आणि विंडोजचे ड्राइव्ह लिनक्समध्ये जिथे दिसतात त्या एमएनटी फोल्डरमधून मी तिथे जाऊन काम करायचे. गिट स्टेटस (कोडमध्ये काय बदललं ते दाखवणारी कमांड) दिलं की वाट बघत बसायचं, एनपीएम इन्स्टॉल (प्रोजेक्टला लागणारी पॅकेजेस उतरवणारी कमांड) लावलं की उठून दुसरं काम करून यायचं, मला वाटायचं हे असंच स्लो असणार. मग कारण वाचलं आणि लख्ख उजेड पडला. २०१६ मध्ये आलेलं डब्ल्यूएसएलचं पहिलं व्हर्जन लिनक्सचे सिस्टिम कॉल (प्रोग्रामने सिस्टिमकडे केलेल्या मागण्या) विंडोजला समजतील असे करून द्यायचं, पण दुसऱ्यात खराखुरा लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो आणि त्याची स्वतःची ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) डिस्क असते. म्हणजे सी ड्राइव्हवरची प्रत्येक फाइल त्याच्यासाठी दुसऱ्या घरातली, दर वेळी कुंपण ओलांडून मागून आणायची, आणि प्रोजेक्टमध्ये हजारो बारक्या फाइल्स असतील तर तेवढ्या खेपा. सगळं लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये क्लोन केलं, तीच गिट कमांड, एंटर दाबेपर्यंत उत्तर समोर. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण ज्या बाजूची टूल्स वापरताय त्याच बाजूला फाइल्स ठेवा. विंडोजमधून त्या बघायच्या असतील तर टर्मिनलमध्येच एक्सप्लोरर डॉट ईएक्सई, स्पेस, एक टिंब टाका, तो फोल्डर नेहमीच्या खिडकीत उघडतो, मला हे फार आवडतं.

कुंपणावरचा दुसरा त्रास म्हणजे ओळीचा शेवट. नोटपॅडमध्ये लिहिलेली चार ओळींची स्क्रिप्ट चालवली तर बॅड इंटरप्रिटर म्हणून एरर, आणि स्क्रिप्ट तर डोळ्यांना अगदी बरोबर दिसतेय! तासभर गेला. शेवटी कॅट कमांडला डॅश कॅपिटल ए लावून फाइल बघितली तेव्हा प्रत्येक ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी एक टोपीवाला एम बसलेला दिसला. विंडोज ओळ संपवताना दोन चिन्हं टाकतं, लिनक्स एकच, ते जास्तीचं चिन्ह पहिल्या ओळीतल्या, स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या नावाचा भाग समजलं जातं आणि त्या नावाचा प्रोग्राम नाहीच. डॉस टू युनिक्स नावाचं छोटं टूल आहे, एका कमांडमध्ये साफ.

आता जे मिळालं ते. एका सर्व्हरचा लॉग होता, काही लाख ओळी, कुठल्या आयपीवरून जास्त रिक्वेस्ट येतात ते हवं होतं. एक्सेलमध्ये एवढ्या ओळी उघडताना जीव जातो. इथे ऑक कमांडने पहिला कॉलम काढला, पाइप (एका कमांडचा निकाल पुढच्या कमांडला देणारं चिन्ह), सॉर्ट, पाइप, युनिकला डॅश सी देऊन मोजलं, पाइप, उलट्या क्रमाने परत सॉर्ट, वरचे दहा हेडने घेतले, झालं की! युनिकच्या आधी सॉर्ट लागतोच कारण ते फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करतं, हे विसरलात तर आकडे चुकतात आणि एररही येत नाही. हाच रिझल्ट क्लिप डॉट ईएक्सईला पाइप केला की थेट विंडोजच्या क्लिपबोर्डवर, मेलमध्ये पेस्ट करायचा. एका ओळीत लिनक्सची टूल्स आणि विंडोजचं टूल, हे मला दुसरीकडे कुठे इतकं सहज जमलं नव्हतं.

मेमरीकडे मात्र लक्ष ठेवा. मर्यादा घातली नाही तर डब्ल्यूएसएल निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकतं, माझ्या १६ जीबीवर ब्राउझर अडखळायला लागला होता. विंडोजच्या युजर फोल्डरमध्ये डॉट डब्ल्यूएसएल कॉन्फिग नावाची फाइल करून मेमरी ६ जीबी लिहिली, डब्ल्यूएसएल शटडाउन देऊन परत चालू केलं, तेव्हापासून त्रास नाही. व्हर्च्युअल डिस्कची फाइलपण वाढत जाते आणि आतलं डिलीट केलं तरी आपोआप कमी होत नाही, त्यामुळे मोठे डेटासेट मी आत साठवून ठेवत नाही.

आणि बॅकअप घ्या हो. डब्ल्यूएसएल एक्स्पोर्टने अख्खं उबुंटू एका टार फाइलमध्ये येतं, मी दर महिन्याला एक काढून बाहेरच्या डिस्कवर ठेवते, मागच्या महिन्यात नवीन लॅपटॉपवर तीच इम्पोर्ट केली तर एलियास (कमांडना दिलेली छोटी नावं), स्क्रिप्ट, कमांड हिस्टरी सगळं जसंच्या तसं होतं.